आफ्रिकी बंधूंचा वारसा : शरणपूर व हळियाळ

(ज्युबिली सप्ताहात धर्मग्रामाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळास आठ्या पडल्या, हे आम्हांस ठाऊक आहे. ज्युबिली सातपूरच्या धर्मग्रामाची, आणि बोलणे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांविषयी! हा कोठला मेळ? परंतु मेळ आहे, आणि तो फार दूर शोधावा लागत नाही. या सभागृहातून निघून त्र्यंबक रस्त्याने शहराकडे पायी चालू लागले, तर दीड तासाच्या आत मनुष्य शरणपुरास पोहोचतो. त्या शरणपुरात दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतील मुले सुतारकी व लोहारकी शिकत होती. आपल्या कारखान्यांच्या सातपुराचा तेव्हा मागमूसही नव्हता.

या विषयाकडे आमचे लक्ष वळविले ते आपल्याच तरुणांनी. गतवर्षी त्यांच्या अभ्यासमंडळात क्यूबा बेटाविषयी वाचन चालले होते. उसाच्या मळ्यांवर राबविण्यासाठी त्या बेटावर आफ्रिकेतून लक्षावधी माणसे जहाजांत कोंबून नेली गेली. तेथील गुलामगिरी १८८६ साली कायद्याने संपली. या माणसांस बाप्तिस्मा दिला जाई, संतांची नावे दिली जात. परंतु मनाच्या आतल्या खोलीत त्यांनी आपली जुनी दैवते जपून ठेविली. संत बार्बरेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावणारा गुलाम मनात चांगो या गर्जनेच्या देवास हाक मारी. कुबड्या टेकीत चालणाऱ्या लाजरसात त्यास रोगनिवारक बाबालू आये दिसे. त्यांचे बाता नावाचे ढोल तीन, आणि तिन्हींचे बोल निरनिराळे. धर्म, चित्र, नाच, ढोल ही सर्व तेथे एकमेकांत अशी गुंतली आहेत की एक धागा ओढावा तर सारे वस्त्र हातात येते.

आम्हांस त्या साऱ्यात अधिक जवळची वाटली ती एल् कोब्रे येथील दयामाता मरियेची हकीकत. सुमारे १६१२ साली निपेच्या उपसागरात मीठ आणावयास निघालेल्या तिघांस पाण्यावर तरंगणारी मरियेची लहानशी मूर्ती सापडली. तिघांपैकी दोघे त्या बेटाचे मूळ रहिवासी, आणि तिसरा हुआन मोरेनो नावाचा एक काळा मुलगा. याच मुलाने म्हातारपणी, १६८७ साली, ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांपुढे साक्ष दिली व ती लिहून घेतली गेली. ज्या काळी गुलामाच्या शब्दास बाजारात कवडीचे मोल नव्हते, त्या काळी एका राष्ट्राच्या भक्तीचा दस्तऐवज एका गुलामाच्या तोंडचा असावा, यात आम्हांस प्रभूचा हात दिसतो. पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१६ साली या मातेस क्यूबाची आश्रयदात्री म्हणून घोषित केले, आणि संत दुसरे जॉन पॉल यांनी जानेवारी १९९८ मध्ये सान्तियागो येथे तिला स्वहस्ते मुकुट चढविला.

हे वाचून झाल्यावर मंडळातील एका मुलीने विचारले, "फादर, आपल्याकडे असे कोणी नाहीत का?"

नाहीत कसे! नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातून, पोटापाण्यासाठी येथे आलेल्या आपल्या कुटुंबांनी मलिक अंबराचे नाव ऐकलेले असते. हबसाणात जन्मलेला, हातोहात विकला गेलेला हा मनुष्य निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी हे नगर वसविले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. आणि १६२६ साली तो वारला. जंजिऱ्याचे सिद्दी तर मराठ्यांच्या इतिहासात पदोपदी भेटतात. परंतु हे सेनापतींचे व किल्लेदारांचे आफ्रिकी. आमच्या मुलीचा प्रश्न साध्या माणसांविषयी होता. म्हणून आम्ही एकोणीस विद्यार्थ्यांस घेऊन प्रथम शरणपूर पाहिले, व पुढे दिवाळीच्या सुटीत उत्तर कानडा जिल्ह्यातील हळियाळ तालुका.

शरणपूरची कथा आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे मुख्य चालक. त्या काळी अरबी समुद्रात गुलामांनी भरलेली गलबते इंग्रजी आरमार पकडीत असे आणि सुटलेल्या माणसांस मुंबईस उतरवीत असे. सुटलेल्यांत मुले पुष्कळ. त्यांस घर नाही, परत जाण्यास वाट नाही, गाव कोठे होते ते सांगण्याइतके वयही नाही. अशा मुलांस १८६० च्या सुमारापासून शरणपुरात ठेवू लागले. तेथे त्यांस लिहिणे-वाचणे, प्रार्थना व हातचा धंदा शिकवीत.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले असता त्यांनी या शाळेतून नऊ तरुण आपल्या आफ्रिकेच्या प्रवासासाठी निवडून घेतले. प्रवासाच्या पुस्तकांत या मुलांस "नासिक बॉइज" असेच नाव पडले आहे. आपल्या शहराचे नाव आफ्रिकेच्या इतिहासात प्रथम गेले ते द्राक्षांमुळे नव्हे आणि कुंभमेळ्यामुळेही नव्हे. ते या पोरक्या मुलांनी नेले. १८७२ साली लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस जी माणसे धाडण्यात आली, त्यांत शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबिया देशातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले, व त्या वेळी प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली ती जेकबने. झाडाच्या बुंध्यावर अक्षरेही त्यानेच कोरली. मग देह उन्हात वाळवून, कापडात व सालीत गुंडाळून, ही माणसे तो घेऊन समुद्राकडे निघाली. हजार मैलांहून अधिक वाट, मध्ये ज्वर, भूक, मृत देहास वाट न देणारी गावे. महिन्यांमागून महिने गेले, परंतु त्यांनी तो टाकिला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोस पोहोचले, तेव्हा त्या देहास पहिला आसरा मिळाला तो पवित्र आत्म्याच्या संघातील कॅथॉलिक धर्मगुरूंच्या मठात. प्रॉटेस्टंटांनी शिकविलेल्या मुलांनी वाहून आणलेला प्रॉटेस्टंट मिशनऱ्याचा देह कॅथॉलिक छपराखाली ठेविला गेला. पंथांतील भिंती आजच्यापेक्षा पुष्कळ उंच होत्या त्या काळची ही गोष्ट आहे, हे ध्यानात असू द्यावे. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीवरील वस्त्राचे टोक धरणाऱ्यांत शरणपूरचा जेकब होता.

शरणपूरची बहुतेक आफ्रिकी मंडळी १८७४-७५ च्या सुमारास मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउन या नव्या वसाहतीत गेली. ती वसविण्यासही प्राइस यांसच पाठविण्यात आले होते. नाशिकास शिकलेले हे लोक तेथे शिक्षक झाले, उपदेशक झाले. विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे दोघे तर त्यांच्या आधीच, १८६४ साली, तिकडे गेले होते, व पुढे धर्मगुरू झाले. फ्रेअरटाउनची घंटा आजही मोंबासात उभी आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी शरणपुरात एक सकाळ घालविली. परत येताना एकजण म्हणाला, "त्यांचे असे येथे काहीच दिसले नाही." त्याचे बोलणे आमच्या मनात राहिले. त्या मुलांचा ढोल, त्यांच्या आईचे गाणे, त्यांच्या हातचे एखादे वस्त्र, असे शरणपुरात आमच्या दृष्टीस काही पडले नाही. आश्रम चालविणाऱ्यांनी त्यांस स्वातंत्र्य दिले, विद्या दिली, प्रभूचे नाव दिले. या उपकारास आम्ही उणे लेखीत नाही. परंतु सोबत वेनराइट, वेलिंग्टन, गार्डनर अशी नावेही दिली, आणि इतिहासात ते त्याच नावांनी उरले. सुटका करणाऱ्या हातांनी जुने सारे पुसूनच नवे लिहावे काय, हा प्रश्न घेऊन आम्ही हळियाळास निघालो.

रात्रीच्या गाडीने बेळगाव, व तेथून मोटारीने खानापुरावरून हळियाळ. या टापूत मराठी सर्रास चालते, त्यामुळे मुलांस परके वाटले नाही. येथील सिद्दी हे पोर्तुगीजांनी मोझांबिकच्या बाजूने गोव्यात आणून विकलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज. कोणी पळाले, कोणी सुटले, आणि घाट चढून यल्लापूर, हळियाळ, अंकोला, मुंडगोडच्या रानांत वस्ती करून राहिले. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि आपल्यासारखे कॅथॉलिकही आहेत. आपल्यातील कॅथॉलिक सिद्दी १९७६ साली स्थापन झालेल्या कारवार धर्मप्रांतात मोडतात. घरी कोंकणी, बाजारात कानडी, पाहुण्याशी मराठी, असा त्यांचा व्यवहार. शेतमजुरी व जंगलातील कामे यांवर पोट. २००३ साली उत्तर कानड्यातील सिद्द्यांस अनुसूचित जमातीचा हक्क मिळाला, आणि २०२० साली शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधान परिषदेत नेमले गेलेले पहिले सिद्दी झाले. तथापि शहरात कामास गेलेल्या सिद्दी तरुणास आजही लोक विचारतात, "तू कोणत्या देशाचा?" चारशे वर्षे या मातीत राबलेल्या माणसास हा प्रश्न ऐकावा लागतो.

सायंकाळी एका वाडीत दमाम वाजला. दमाम म्हणजे दोन्ही तोंडांस कातडे मढविलेला लाकडी पोकळ ढोल. तो जमिनीवर आडवा ठेवून वादक त्याच्यामागे बसतो. प्रथम पुरुष गाऊ लागले. मग अंगणाच्या कडेस उभ्या असलेल्या बायका एकेक करून आत सरकल्या, आणि साठीच्या पुढच्या एका आजींनी असा काही फेर धरला की आमचे तरुण, ज्यांस घरच्या लग्नात नाचण्यास दहादा विनवावे लागते, आपण होऊन उठले. गाण्याचे शब्द कोंकणी होते. आफ्रिकेतील भाषा तर केव्हाच गेली. परंतु ठेका गेला नाही. जिभेवरची भाषा मालकास हिरावून घेता आली. तळहातांत जे उरले होते, ते घेण्यास त्याच्यापाशी उपाय नव्हता.

दुसऱ्या दिवशी पवित्र मिस्सेनंतर त्या आजींनी आम्हांस आपली गोधडी दाखविली. त्यांच्यात तिला कवंदी म्हणतात. जुनी लुगडी, सदरे, परकर यांचे तुकडे. आणि टाका आपल्या वाकळीचाच, साधा धावदोरा. परंतु शिवण्याची रीत निराळी. काठापासून आरंभ करावयाचा व कडेकडेने फिरत, तुकड्यावर तुकडा लावीत, आत मध्यापर्यंत जावयाचे. रंगांची मांडणी आधी कोणी काढून ठेवीत नाही. गाणारा जसा पुढचा सूर घेतो, तसा बाई पुढचा तुकडा घेते. सर्व झाल्यावर चार कोपऱ्यांत घडी घातलेले लहान तिकोनी तुकडे लावतात. त्यांस 'फुलां' म्हणतात. ही फुले नसली तर कवंदी उघडी-नागडी राहिली, असे त्यांचे मत. कॅथॉलिक बायका मध्ये क्रूस साधतात, मुसलमान बायका चंद्रकोर. आफ्रिकेच्या कलेचे अमेरिकी पंडित हेन्री जॉन ड्रूवल यांनी या कवंद्यांवर अभ्यास केला आहे, आणि त्या आता दूरदूरच्या प्रदर्शनांत टांगल्या जातात. आजींस त्याचे फारसे कौतुक दिसले नाही. गोधडी पांघरावयाची, भिंतीवर कशाला, असा त्यांचा सवाल.

त्यांनी आमच्या एका विद्यार्थ्यास विचारले, "बाळा, तुझं गाव कुठलं?"

तो म्हणाला, "सातपूर, आजी."

"ते कामाचं गाव. आज्याचं कुठलं?"

त्याने राहुरीकडील एका गावाचे नाव सांगितले. "आणि आज्याच्या आज्याचं?" त्यास उत्तर देता आले नाही. आजी म्हणाल्या, "आम्हांलाही येत नाही. पण आमचा दमाम आहे."

आता सहलीतील जो भाग घरी सांगताना मुलांनी बहुधा गाळला असेल, तो आम्ही सांगतो. यल्लापूर तालुक्यात सातुंबैल येथे सिद्दी नास नावाचे त्यांचे दैवत आहे, आणि तेथे तिन्ही धर्मांचे सिद्दी जमतात. त्याखेरीज घरोघरी 'हिरियारु', म्हणजे वाडवडील, यांचे स्मरण चालते. त्यात आपले कॅथॉलिकही असतात. आमच्या मुलांपैकी काहींस हे खटकले, आणि खटकले हे ठीकच झाले. पहिली आज्ञा आपणांस लहानपणापासून पाठ आहे. पूर्वजांच्या आत्म्यांस नैवेद्य दाखवून त्यांच्याकडे वर मागणे आपल्या श्रद्धेत बसत नाही, आणि हे आम्ही तेथेही आडपडदा न ठेवता सांगितले. परंतु वाडवडिलांचा मान ठेवणे वेगळे. चीनमधील ख्रिस्ती लोकांनी पूर्वजांच्या पाट्यांपुढे मस्तक लवविणे पाप की काय, यावर रोमेत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. शेवटी डिसेंबर १९३९ मध्ये, बारावे पायस यांच्या कारकीर्दीत, तो निव्वळ आदराचा विधी आहे असा निर्णय मिळाला. आपणही २ नोव्हेंबरास कबरस्तानात फुले व मेणबत्त्या घेऊन जातो. सीमारेषा कोठे ओढावी हे त्या वाडीच्या धर्मगुरूस रोज ठरवावे लागते. सहलीस आलेल्या पाहुण्याने ते एका दिवसात ठरवू नये.

एका मुलाने आम्हांस अधिक अवघड प्रश्न विचारला. ज्यांनी या लोकांस विकले त्यांनीच त्यांस बाप्तिस्मा दिला. मग ही माणसे मिस्सेस येतातच कशी? सेमिनरीत आम्हांस हा इतिहास अर्ध्या पानात शिकविला होता, म्हणून येथे थोडे अधिक सांगतो. १४५२ साली पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजास परधर्मीयांस दास करण्याची मुभा दिली. १५३७ साली तिसरे पॉल यांनी अमेरिकेतील मूळ लोकांस गुलाम करण्याचा निषेध केला. १८३९ साली सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापारास साफ धिक्कारिले. या मधल्या काळात गोव्याच्या भर रस्त्यावर माणसांचा लिलाव होत होता, आणि मठांतूनही गुलाम राबत होते. २२ फेब्रुवारी १९९२ रोजी दुसरे जॉन पॉल यांनी सेनेगलच्या गोरे बेटावर, जेथून गुलाम जहाजांवर चढविले जात, या पातकाची क्षमा मागितली. आणि मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने त्या जुन्या फर्मानांमागील विचार ख्रिस्तसभेचा नव्हे असे जाहीर केले. पाचशे सत्तर वर्षे लागली. मुलाच्या प्रश्नास आम्ही उत्तर दिले नाही, तो आजींपुढे ठेविला. त्या हसल्या व म्हणाल्या, "येशूला पण बांधूनच नेला होता ना?" यावर आम्हां धर्मगुरूस बोलण्यासारखे काही उरले नाही.

असो. आता घरच्या गोष्टीकडे येतो, कारण खरी कुरबूर तेथेच आहे. सहलीहून परतल्यावर तरुणांनी ज्युबिलीच्या मिरवणुकीत हलगी वाजविण्याचा बेत केला, आणि काही ज्येष्ठांनी त्यास कडाडून विरोध केला. तरुण म्हणतात, सिद्द्यांस दमामाचा अभिमान, मग आम्हांस हलगीची लाज का? ज्येष्ठ म्हणतात, लाज नव्हे, आठवण. आमच्या आज्यास पाटलाच्या दारी, दुसऱ्याच्या वरातीत, हुकुमासरशी हलगी बडवावी लागे. मोबदल्यात शिळे तुकडे. ते गावकीचे जू फेकूनच आम्ही प्रभूकडे आलो, ते पुन्हा वेदीपुढे कशास आणता?

दोन्ही बाजू आम्ही शांतपणे ऐकल्या. दमाम व हलगी एकाच तागडीत घालता येत नाहीत, असे आमचे मत आहे. दमाम हा मालकापासून लपवून वाचविलेला ठेवा होता. हलगी मालकाने गळ्यात अडकविलेली होती. वाद्य तेच राहिले तरी कोण सांगतो म्हणून ते वाजते, यावर सारे अवलंबून आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकांच्या आपल्या संगीतास उपासनेत योग्य मान द्यावा असे सांगितले, तेव्हा धर्मशास्त्राची आडकाठी मुळीच नाही. परंतु ज्याच्या आज्याच्या पाठीवर ते ओझे होते, त्याच्या नातवाने हलगी उचलावी की टाकावी, हे सांगण्याचा अधिकार धर्मगुरूचा नव्हे. म्हणून असे ठरविले आहे की तरुणांनी प्रथम आपापल्या घरच्या वडिलांपाशी बसावे, त्यांचे सारे ऐकून घ्यावे, लिहून घ्यावे, आणि घरचे रुकार देतील त्यानेच मिरवणुकीत हलगी घ्यावी. आजपर्यंत सात घरांतून रुकार आला आहे, दोन घरांतून स्पष्ट नकार. नकार देणाऱ्या एका आजोबांनी नातवास रात्री अकरापर्यंत बसवून जे सांगितले, ते त्याने वहीत उतरविले आहे. ते याच पुस्तिकेत छापावे अशी आम्ही त्यांस विनंती केली आहे. त्यांचा होकार अजून यावयाचा आहे.

शेवटी महिलामंडळाचा निरोप. हळियाळच्या रीतीप्रमाणे आपल्या धर्मग्रामाची एक ज्युबिलीची गोधडी शिवावयास घेतली आहे. चारी काठ झाले आहेत व काम आत सरकत आहे. ज्यांच्या घरी आईचे, आजीचे जुने लुगडे, वडिलांचा कारखान्यातील निळा सदरा, असे काही जपून ठेविलेले असेल, त्यांनी वीतभर तुकडा कापून, त्यावर कागदाची चिठ्ठी टाचून, रविवारच्या दुसऱ्या मिस्सेपूर्वी धर्मभगिनींकडे आणून द्यावा. चिठ्ठीवर त्या माणसाचे नाव व मूळ गाव लिहावे. गाव ठाऊक नसेल तर नाव पुरे. मध्याची जागा अद्याप मोकळी आहे.